क्रास्टरच्या फाटकापर्यंत

शैलाताईने मला फसवलं. वर्षानुवर्षं फसवलं, माझ्या तोंडावर हसत, चहाचा कप पुढे करत. मी मेलबर्नजवळ वेरिबीत पडद्यांचं दुकान चालवते. कापड बोटांत धरलं की त्यात किती भेसळ आहे ते मला कळतं, आणि माल पुरवणारा माणूस फोनवर नुसता उसासा टाकतो त्यावरून तो आणखी किती खाली येईल तेही कळतं. मला गंडवणं सोपं नाही, हे इथल्या बाजारात कुणालाही विचारा. तिला ते जमलं. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. राग गेलेला नाही, फक्त दमलाय. राग दमतो हे मला या वयात कळलं.

बातमी आली तेव्हा मी दुकानातच होते. ब्लाइंड्सचं पार्सल भलत्याच रंगाचं आलं होतं आणि मी दुकानाच्या फोनवर त्या माणसाला फैलावर घेतलं होतं. तेवढ्यात मोबाइलवर केतकीचं नाव आलं. केतकी म्हणजे शैलाताईची एकुलती एक मुलगी. शैलाताई तेव्हा रिहॅब हॉस्पिटलमध्ये होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आता चालायला शिकवत होते. मला वाटलं, तिथल्या बेचव जेवणाला कंटाळून लसणीची चटणी मागवली असेल.

"मावशी... आई गेली," केतकी म्हणाली. "सकाळी. इट वॉज अ क्लॉट. दे ट्राइड, मावशी."

"अगं, काय बोलतेस? काल तर आम्ही चाललो!" मी तिच्यावरच ओरडले. काल चाललेलं माणूस आज जाऊच शकत नाही, असा काहीतरी माझा हिशेब होता. पलीकडे केतकी रडत होती आणि दुसऱ्या कानाशी तो ब्लाइंड्सवाला "हॅलो, हॅलो" करत होता. मी त्याला म्हटलं, "राहू दे. हाच रंग चालेल." धंद्यात उतरल्यापासून हे वाक्य मी कुणालाही म्हटलं नव्हतं. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "आर यू ओके, नंदा?"

आमची ओळख झाली ती रविवारच्या बाजारात. तेव्हा माझं दुकान नव्हतं, एक जुनी व्हॅन होती. तिच्या मागच्या दारावर मी पडदे टांगून विकायचे. माझा नवरा अविनाश गोदामात रात्रपाळी करायचा. मी हर्णैची. आई बंदरावर सुके मासे विकायची, आणि संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवर जो लिलाव होतो त्या लिलावात मी बोलायला शिकले. इथल्या मराठी मंडळींत बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक. माझ्याशी ते नीट वागायचे, पण ते नीट वागताहेत हे मला दिसायचं. शैलाताई त्यांच्यातलीच, सदाशिव पेठेतली, फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याबरोबर ब्रिटनला गेली, तिथे तो लवकर वारला, आणि मुलीला घेऊन एकटीने तिथल्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं नोकरी केली. केतकी हायस्कूलला असताना दोघी मेलबर्नला आल्या. ग्लेन वेव्हर्लीत घर घेतलं होतं आणि त्या घराला पडदे हवे होते.

मी भाव सांगितला. ती म्हणाली, "बरं."

"बरं काय? अहो, जरा कमी करा तरी म्हणा."

"का?"

"म्हणजे मला कमी करता येईल."

ती हसायला लागली. मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "तू सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी राहतेस. कंबर दुखते ना रात्री? शेवटची सुट्टी कधी घेतलीस?" मी म्हटलं, सुट्टी घेतली तर पडदे कोण विकणार, तुम्ही? त्यावर ती खरंच व्हॅनच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "जा, चहा पिऊन ये. तोवर मी विकते." मी परत आले तेव्हा तिने दोन गिऱ्हाइकांना पडदे न घेण्याचा सल्ला दिलेला होता. त्यांच्या खिडक्यांना ते शोभणार नाहीत म्हणे. मी असली भडकले! आमची मैत्री त्या भांडणातून सुरू झाली. ती पहिल्यापासूनच अगं-तुगंवर होती, पुढच्या भेटीत मीही आले. फक्त ताई तेवढं मी सोडलं नाही.

मेलबर्नच्या मराठी मंडळींत शैलाताईची एक ख्याती होती. कुणी सुट्टीला ब्रिटनला निघालं की आधी तिच्याकडे जायचं. लंडन कुणीही बघतं, बसमधून राजवाडा कुणीही बघतं. पण आत कुठे जायचं, कुठल्या गावात चार दिवस नुसतं पडून राहायचं, ते शैलाताई सांगणार. आमच्यातले वात्रट लोक तिच्या स्वयंपाकघराला वधूवर सूचक मंडळ म्हणायचे, कारण स्थळ सुचवण्याची तिची पद्धत तशीच होती. चारचौघांत ती कधीच सांगायची नाही. एकेकाला स्वयंपाकघरात घ्यायची, दार लावायची, चहा टाकायची आणि भलतेच प्रश्न विचारायची. तुला पाण्याचा आवाज आवडतो की शांतता? चढ चढवतो का? एकटं बसता येतं का? मला तिने विचारलं, "डोळे मिटल्यावर घरचं पहिलं काय आठवतं?"

"वास," मी म्हटलं. "सुक्या माशांचा. तू नाक मुरडशील, पण तोच."

तिने नाक मुरडलं नाही. चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "क्रास्टर. नॉर्थंबरलँडमध्ये, समुद्राकाठी. छोटंसं बंदर आहे. तिथे हेरिंग मासे धुरावर धरतात, सगळ्या गावाला वास येतो. बंदरापासून कुरणातून वाट जाते, डाव्या हाताला मेंढ्या आणि उजव्या हाताला काळे खडक. मध्ये एक फाटक लागतं. त्या फाटकाशी थांबायचं, दम खायचा. समोर पडका किल्ला दिसतो, डन्स्टनबरा. घाईने जायचं नाही त्या किल्ल्याकडे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ही माझी जागा आहे, नंदा. माझी सगळ्यात आवडती. आजवर कुणाला सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस."

मी सौदा करणारी बाई. एखादी वस्तू फक्त मला मिळतेय, बाजारात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे कळलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. सगळ्या डॉक्टरीणबाईंना सोडून तिने स्वतःची जागा मला दिली होती. मी म्हटलं, "मग तूही चल की आमच्याबरोबर."

"नको गं. माझी बघून झाली आहे."

त्या वेळीच मला कळायला हवं होतं. ही बाई आपल्या तव्यावर ऑम्लेट करू द्यायची नाही. माझ्या डब्यातलं कालवण गरम करायचं तर मला मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडून द्यायची. तिची जगातली सगळ्यात आवडती जागा माशांच्या धुराने भरलेलं गाव कशी असेल? कापडातला एक भेसळीचा धागा ओळखणारी मी, मला एवढा मोठा दोर दिसला नाही.

आम्ही गेलो. व्हॅनचं दुकान झाल्यावर ती आमची पहिली सुट्टी. अविनाशला लंडन बघायचं होतं, मी त्याला दोन दिवसांत तिथून ओढून काढलं. क्रास्टरला उतरलो तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि वास... मी बसथांब्यावरच उभी राहिले. अविनाश म्हणाला, "अगं, भिजतेयस." मी म्हटलं, तू हो पुढे. हर्णै सोडल्यापासून तो वास मला असा अवचित कधी भेटला नव्हता. हेरिंग वेगळा, बांगडा वेगळा, धूर वेगळा आणि ऊन वेगळं, सगळं मान्य. पण आईच्या लुगड्याला जो वास यायचा त्याच्या नात्यातलाच होता तो.

दुसऱ्या दिवशी मी धुरावरचे मासे आणले. तिथले लोक ते लोण्यावर परतून ब्रेडबरोबर खातात. मी मात्र घरच्या सवयीने ते सुक्या बांगड्यासारखे पाण्यात भिजत घातले, मग डबीतला मसाला, चिंच, भरपूर लसूण. मासे आधीच नरम, पाण्यात पडून त्यांचा पार लगदा झाला. पण कालवणाचा घमघमाट असा सुटला की ज्यांच्याकडे आम्ही खोली घेतली होती त्या म्हाताऱ्या बाई दार ठोठावत आल्या. "लव्ह, खिडक्या उघडशील का जरा? वासाने जीव गुदमरतोय." ज्या गावाच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या माशांचा धूर चिकटलाय, त्या गावाने मला खिडक्या उघडायला सांगावं! मी त्यांना दारातच सुनावलं. त्याही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. अविनाश मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना सॉरी म्हणत होता आणि ताटातला लगदा निमूट खात होता.

संध्याकाळी मी शैलाताईला फोन केला. मेलबर्नला तेव्हा पहाट असणार, पण तिने पहिल्या रिंगला उचलला. तो खिडक्यांचा किस्सा ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग एकदम शांत होऊन विचारायला लागली. भरती होती का ओहोटी? खडक ओले असताना निळे दिसतात का काळे? फाटक लाकडी आहे का लोखंडी, उघडताना आवाज येतो का? मेंढ्या जवळ येतात का? मी म्हटलं, "तू बघितलंयस ना सगळं?" ती म्हणाली, "हो गं. पण बदललं असेल ना."

त्यानंतर आम्ही दर दोन-तीन वर्षांनी क्रास्टरलाच जात राहिलो. लोक नवनवीन देश बघतात, मी तेच बंदर आणि तीच वाट. अविनाशने त्रागा करून सोडून दिला. प्रत्येक वेळी परत आल्यावर मी ग्लेन वेव्हर्लीला जायचे, शैलाताई चहा टाकायची आणि मी सगळा वृत्तान्त द्यायचे. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, या खेपेला तू चल. प्रत्येक वेळी तेच उत्तर, "माझी बघून झाली आहे." एकदा मी हट्टाला पेटले. तिला न विचारता तिचंही बुकिंग करायला निघाले, पासपोर्टचा नंबर तेवढा केतकीकडे मागितला. ते तिला कळलं आणि ती माझ्यावर जी उखडली! मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "प्रत्येक गोष्टीत तुझी दुकानदारी नको, नंदा. काही जागा परत बघायच्या नसतात." मलाही राग आला. किती तरी दिवस आम्ही बोललो नाही. मला वाटलं, तिथे तिच्या नवऱ्याची काही आठवण असेल, म्हणून टाळतेय. मी शहाणी, मीच तिच्यासाठी कारण शोधून दिलं आणि गप्प बसले.

मग वयं झाली. लोकांचे गुडघे दुरुस्त करणाऱ्या बाईचे स्वतःचे गुडघे गेले. स्वयंपाकघराच्या दारात ती पडली, खुबा मोडला. ऑपरेशननंतर तिला रिहॅबला हलवलं तेव्हा मी दुकान दुपारीच बंद करून तिच्याकडे जायला लागले. ती वाईट पेशंट होती. शिकवायला येणाऱ्या तरुण फिजिओला म्हणायची, "माझा हात धरू नकोस, कोपर धर. तुझ्या टीचरने काय शिकवलं तुला?" तो पोरगा "नो वरीज, शैला" म्हणून परत हातच धरायचा. मला म्हणायची, "नंदा, तू चालव मला. तुला काहीच येत नाही, म्हणजे मी सांगेन तसं करशील."

त्या शेवटच्या दुपारी आम्ही कॉरिडॉरमध्ये निघालो. तिचे हात वॉकरवर, माझा हात तिच्या कोपराखाली. चार पावलांत तिला घाम फुटला. मी म्हटलं, पुरे आज. ती म्हणाली, "असं नसतं करायचं. कुठेतरी जायचं असतं. सांग, कुठे जायचं?"

"कुठे म्हणजे? त्या टोकाला आणि परत."

"टोक म्हणजे काय जागा आहे का? तुझ्या क्रास्टरला ने मला. बंदरापासून सुरू कर."

मीही दमले होते. दिवसभर उभी होते, कंबर बोलत होती, उजव्या पायावरचा भार काही सुटला नव्हता. पण सुरू केलं. म्हटलं, हे बघ, इथे होड्या ओढून ठेवल्यात, जाळी वाळतायत. आता धुराच्या शेडवरून चाललो, वास आला का? "आला," ती म्हणाली, आणि एक पाऊल टाकलं. आता शेवटचं घर संपलं, कुरण लागलं. मेंढ्यांच्या लेंड्या आहेत, बघून पाय ठेव. ती खरंच बघून पाय ठेवायला लागली. उजव्या हाताला खडक. ओले आहेत आज, निळसर दिसतायत. "मग पुढे?" ती म्हणायची. एवढंच. "मग पुढे?" कॉरिडॉरच्या मध्यावर चादरींची ट्रॉली लावलेली होती. तिथे ती थांबली, वॉकरवर वाकली आणि धापा टाकत म्हणाली, "इथे फाटक, ना?"

मी म्हटलं, हो, इथेच फाटक. किती आठवतंय तुला!

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मग नुसतं म्हणाली, "इथून दिसतो का गं किल्ला? कसा दिसतो?" मी सांगितलं की पडका आहे, दोन बुरूज उभे आहेत, मध्ये नुसतं आभाळ. तिने त्या ट्रॉलीच्या पलीकडे बराच वेळ पाहिलं. पलीकडे अग्निशमनाचं लाल नळकांडं होतं आणि कुणाचं तरी जेवणाचं ताट. म्हणाली, "उद्या जाऊ किल्ल्यापर्यंत. आज एवढंच." आम्ही परतलो. सकाळी ती गेली.

दिवस-बिवस तिला पटत नसत, म्हणून केतकीने एका शनिवारी दुपारी घरी सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता. गर्दी बरीच होती, कारण या शहरातली निम्मी मराठी कंबर तिने सरळ केली होती. चहा झाल्यावर केतकी उठली. अस्थींचा एक छोटा कलश तिने बाजूला ठेवला होता. म्हणाली, "आईचा थोडा भाग तिच्या फेवरिट जागी न्यायचा आहे मला. ब्रिटनमधल्या. तुम्हाला एवढ्या जागा सुचवायची, तिची स्वतःची एक असणारच. मला कधी सांगितली नाही. पण तुमच्यापैकी कुणाला तरी माहीत असेल. नंदामावशी?"

तिने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, मला बरं वाटलं. वचन दिलं होतं कुणाला न सांगण्याचं, पण आता कुणासाठी पाळायचं? मी म्हटलं, "क्रास्टर. नॉर्थंबरलँड. तिची सगळ्यात आवडती जागा."

"छे!" वृंदा म्हणाली. वृंदा सॉफ्टवेअरवाली, हौसेने चित्रं काढते. "टेन्बी. वेल्समधलं. रंगीत घरांचं बंदर. तिने स्वतः मला सांगितलंय. फक्त मला."

"एक मिनिट," डॉक्टर गोखले उठलेच. त्यांची बायको गेल्यावर ते वर्षभर कुणाशी बोलत नव्हते. "माझ्याशी बोलणं झालं होतं तिचं. आयोना. स्कॉटलंडचं बेट. कुणाला सांगू नका म्हणाली होती."

मग तर बाजारच उठला. कुणी तळ्याकाठचं केझिक म्हणालं, कुणी कॉर्नवॉलमधलं काही. प्रत्येकाकडे शैलाताईची सगळ्यात आवडती, कुणालाही न सांगितलेली जागा होती. "तुम्ही चुकीचं ऐकलं असेल." "मी का चुकीचं ऐकीन? दार लावून सांगितलं होतं!" "दार माझ्याही वेळी लावलं होतं!" माणूस गेलेल्या घरात आम्ही लिलावासारखे ओरडत होतो, आणि खरं सांगते, माझा आवाज सगळ्यांत वर होता.

केतकी आमच्याकडे बघत राहिली होती. मग हळूच म्हणाली, "पण आई यातलं कुठेच गेली नव्हती."

गोखले डॉक्टर परत खाली बसले.

"वुई नेव्हर वेंट एनीव्हेअर, मावशी. तिला सुट्टी असायची तेव्हा ती दुसऱ्याची ड्यूटी घ्यायची. मी शाळेतून हॉस्पिटलला जायचे आणि कॉरिडॉरमध्ये बसून होमवर्क करायचे. ती पेशंटना चालवायची ना, तेव्हा त्यांना विचारायची, व्हेअर आर वी ऑफ टू टुडे? तुमची हॉलिडेची आवडती जागा सांगा, आपण तिकडे चाललोय. मग ते आजी-आजोबा सांगत सांगत चालायचे. इथे डोंगर, इथे बीच, इथे आइसक्रीमची गाडी. शी वॉक्ड देम देअर. रोज." ती माझ्याकडे वळली. "क्रास्टरच्या एक आजी होत्या. मला आठवतात. कॉरिडॉरमध्ये लिननची ट्रॉली असायची, तिथे आल्या की थांबायच्या. म्हणायच्या, दिस इज द गेट, आय ऑलवेज स्टॉप ॲट द गेट. किल्ल्याला पोचल्याच नाहीत त्या कधी. मग एक दिवस त्यांचा बेड रिकामा होता. त्या दिवशी आईने घरी येऊन स्वयंपाक केला नाही."

त्यानंतर कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले, जिथे माझी शेगडी मांडली जायची. माझ्या धंद्यात न बघितलेला माल कुणी विकला तर मी त्याचं नाव टाकते. तिने तर आख्खी बाजारपेठ मांडली होती न बघितलेल्या मालाची, आणि गंमत म्हणजे एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. वृंदाला टेन्बीत रंग सापडले होते. आयोनाहून आल्यावर गोखले डॉक्टर बोलायला लागले होते. मला आईचा वास सापडला होता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसं वाचायचं तिचं कसब होतं, ते मी मानते.

माझं भांडण वेगळं आहे. फोनवर ती खडकांचा रंग विचारायची तेव्हा मी समजत होते की ती आठवतेय. ती बघत होती, पहिल्यांदाच, माझ्या डोळ्यांनी. त्या कॉरिडॉरमध्ये "मग पुढे?" म्हणत होती तेव्हाही. आणि मी त्या वाटेवर अविनाशची कुरकुर ऐकत कितीदा तरी चालले, माझ्या शेजारी तिच्यासाठी जागा होती, दर वेळी होती. एकदा जरी म्हणाली असती की नंदा, मी बघितलेलं नाही, तर मी तिला पाठीवर घेऊन गेले असते. सदाशिव पेठेतल्या बाईला एका पडदेवालीसमोर एवढं म्हणता येऊ नये? का दुसऱ्याची जागा म्हणून तिला तिथे पाय ठेवायचा नव्हता? का बघितल्यावर ती तिच्या मनातल्यासारखी निघाली नसती, ही भीती होती? मी रोज दुकानात कापड मोजता मोजता एकेक कारण उलटंपालटं करून बघते. एकही टिकत नाही.

कलशाचं मग कुणालाच काही ठरवता आलं नाही. शेवटी केतकी म्हणाली, "मावशी, तूच ठेव. यू आर द ओन्ली वन हू गोज बॅक." तो आता माझ्याकडे आहे. पण अजून मी रविवारी ग्लेन वेव्हर्लीला जाते. केतकी चहा टाकते. शैलाताईच्या बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ आहे, त्याच्या खिडकीला मी व्हॅनमधून विकलेला तोच निळा पडदा आहे, उन्हाने विटलेला. पडण्याआधी ती रोज त्या बोळात फेऱ्या मारायची, असं केतकी सांगते. ओठ हलत असायचे म्हणे. मी विचारलं, काय बोलायची? केतकी म्हणाली, "डोन्ट नो. मला वाटायचं स्तोत्र म्हणतेय." मी त्या बोळातून चालून बघते. स्वयंपाकघराच्या दाराशी, ती पडली त्या जागी, माझे पाय आपोआप थांबतात. कंबर दुखते. खरं सांगायचं तर आता कुठेही जायची ताकद राहिलेली नाही, दुकानही पुढल्या वर्षी आवरतं घ्यावं म्हणतेय.

तरी मी जाणार आहे. तिकडचा वसंत लागला की कलश घेऊन क्रास्टरला जाणार. या खेपेला "माझी बघून झाली आहे" म्हणायची सोय तिला नाही. फाटकाशी आम्ही दोघी थांबू, दम खाऊ, मग मी ते उघडीन आणि तिला पलीकडे नेईन, किल्ल्यापर्यंत, जिथे त्या आजीही कधी पोचल्या नाहीत. आणि तिथे बसून मी तिला विचारणार आहे. हर्णैच्या वाळूवर शिकलेली बाई आहे मी, उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही. शैलाताई, तू मला का नाही सांगितलंस? सांग. मी बसलेय.